मद्य, माता आणि मूल

आईच्या पोटांत वाढणाऱ्या मुलापर्यंत जगांतील कोणीहि परस्पर पोंचूं शकत नाहीं. राजाचा कायदा, वैद्याचें औषध, शेजाऱ्याची दया, या सर्वांना त्या मुलाकडे जाण्याची वाट एकच, आणि ती आईच्या देहांतून व मनांतून जाते. ही गोष्ट इतकी उघड आहे कीं, ती सांगण्याचें कारण पडूं नये. परंतु मद्यामुळें गर्भाला होणाऱ्या अपायाचा गेल्या तीनशें वर्षांचा इतिहास चाळला, म्हणजे हीच उघड गोष्ट शहाण्यासुरत्या लोकांनीं पुनःपुन्हां दृष्टीआड केल्याचें दिसून येतें. कधीं त्यांनीं आईला सोडून केवळ बाटलीकडे पाहिलें. कधीं मुलाची कींव करतां करतां आईला गुन्हेगार ठरविलें. आईचा हात धरल्यावांचून मुलाचें रक्षण होत नाहीं, हें व्यवहारांत उतरण्यास विसावें शतक संपत यावें लागलें.

या इतिहासाचा आरंभ लंडन शहरापासून करणें सोयीचें आहे. १६९० सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटनें देशांतील धान्यापासून मद्य गाळण्यास उत्तेजन देणारा कायदा केला. धान्याला गिऱ्हाईक मिळावें, जमीनदारांचें उत्पन्न टिकावें आणि फ्रान्सच्या ब्रँडीवांचून लोकांचें अडूं नये, असा त्यामागील हेतु. त्याचा परिणाम असा झाला कीं, जिन नांवाची कडक आणि अतिशय स्वस्त दारू गल्लोगल्लीं, तळघरांत आणि हातगाड्यांवर विकली जाऊं लागली. थंडी, उपासमार आणि दाटीवाटीची वस्ती यांनीं गांजलेल्या गरिबांना चार पैशांत विस्मृति मिळूं लागली. आणि त्या गरिबांमध्यें स्त्रियाहि पुष्कळ होत्या.

१७२६ सालीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या वैद्यमंडळानें पार्लमेंटपुढें एक निवेदन ठेविलें. या दारूच्या अतिसेवनानें दुबळीं व रोगट मुलें जन्मास येतात आणि तीं देशाचें बळ न होतां देशावर भार होऊन बसतात, असा त्याचा मथितार्थ होता. वैद्यांना रोग दिसला होता. परंतु त्यांच्या शब्दांकडे बारकाईनें पाहिलें, तर त्यांची चिंता होती ती राष्ट्राच्या बळाची. त्या मुलांना जन्म देणाऱ्या स्त्रियांचें काय करावें, याचा विचार त्यांत नव्हता.

पार्लमेंटनें उपाय केला तो बाटलीवर. १७३६ च्या कायद्यानें किरकोळ विक्रीच्या परवान्याला वर्षास ५० पौंड आणि दर गॅलनमागें २० शिलिंग कर बसविला. गरिबांची दारू एकदम महाग करून टाकावयाची, अशी ही योजना. लोकांनीं दंगे केले, चोरून दारू विकणाऱ्यांची बातमी देणाऱ्यांना रस्त्यांत गांठून बडविलें, आणि जिनचा व्यापार चोरवाटांनीं पूर्ववत् चालूं राहिला. १७४३ सालीं तो कायदा रद्द करावा लागला. पुढें १७५१ सालीं अधिक व्यवहारी कायदा झाला. त्यानें दारू गाळणाऱ्यांच्या विक्रीवर नियंत्रण घातलें. त्या सुमारास धान्यहि महाग झालें. या सर्वांमुळें जिनचा पूर हळूहळू ओसरला. यावरून दारूची किंमत व विक्री यांवरील विवेकी नियंत्रणाचा उपयोग होतो, हें खरेंच आहे. परंतु तें नियंत्रण चुकवून ज्या स्त्रिया दारूपर्यंत पोंचत, त्या जेथें होत्या तेथेंच राहिल्या.

त्याच १७५१ सालीं विल्यम होगार्थ या चित्रकारानें ‘जिन लेन’ हें आपलें प्रसिद्ध चित्र छापून प्रसिद्ध केलें. त्याच्या मध्यभागीं एका जिन्याच्या पायऱ्यांवर एक स्त्री नशेंत तपकीर ओढीत बसली आहे आणि तिच्या मांडीवरील मूल कठड्यावरून खालीं कोसळत आहे. चित्रांत गहाणवट घेणारा सावकार आहे, दारूचा कारखानदारहि आहे. परंतु पाहणाऱ्याच्या मनांत कायम राहते ती ती आई. सर्व शहराचें पाप जणूं तिच्या एकटीच्या माथीं बसलें. ती त्या पायरीपर्यंत कशी पोंचली, हा प्रश्न विचारावयास कोणी थांबलें नाहीं. आणि पुढील दोनशें वर्षें मद्यपी मातेचें हेंच चित्र समाजाच्या डोळ्यांपुढें राहिलें.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा लिव्हरपूलच्या तुरुंगांत सांपडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें डॉ. विल्यम सुलिव्हन हे वैद्यकीय अधिकारी होते. दारूबाजीसाठीं वारंवार तुरुंगांत येणाऱ्या स्त्रिया त्यांच्या नित्य पाहण्यांत येत. त्यांनीं अशा १२० स्त्रियांच्या संततीची चौकशी केली आणि १८९९ सालीं तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या स्त्रियांना ६०० मुलें झालीं होतीं. त्यांपैकीं ३३५ मुलें मृतच जन्मलीं किंवा दोन वर्षांचीं होण्यापूर्वींच दगावलीं. म्हणजे हें प्रमाण शेंकडा ५६ च्या जवळ गेलें. दारिद्र्यामुळेंच हें घडलें असेल, अशी शंका कोणीहि घेईल. म्हणून सुलिव्हन यांनीं त्याच स्त्रियांच्या नात्यांतील, परंतु मद्यापासून दूर असलेल्या २८ स्त्रिया निवडून त्यांचीहि चौकशी केली. त्यांच्या मुलांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा २४ भरलें.

या वृत्तांतांतील आणखी दोन गोष्टी लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली अशी कीं, या स्त्रियांच्या पहिल्या अपत्यांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा सुमारें ३४ होतें. तें प्रत्येक बाळंतपणागणिक चढत गेलें आणि सहाव्यापासून दहाव्यापर्यंतच्या अपत्यांत ७२ वर पोंचलें. एका मुलाच्या वेळीं आईला आधार मिळाला नाहीं, तर पुढच्या मुलावरील संकट अधिक गडद होतें, असा याचा अर्थ. दुसरी गोष्ट अशी कीं, आधींचीं मुलें गमावलेली एखादी स्त्री गरोदरपणीं तुरुंगांत अडकली आणि तेथें तिला दारू मिळाली नाहीं, तर तिचें मूल जगल्याचेंहि सुलिव्हन यांना आढळलें. म्हणजे बिघाड आईच्या बीजांत नव्हता, कुळांत नव्हता. दारू थांबली कीं त्याच आईच्या पोटीं निकोप मूल येऊं शकत होतें. केवढा आशेचा संदेश होता हा! पण तो मिळाला तुरुंगाच्या दारांतून, त्यामुळें त्यांतून भलताच बोध घेणें सोपें होतें. मुलाला वांचविलें तें दारू न मिळाल्यानें. परंतु मुलाला वांचविलें तें तुरुंगानें, असें पुढें अनेकांना वाटलें.

सुलिव्हन यांचा हा शोध लौकरच विस्मृतींत गेला. १९१० सालीं कार्ल पिअर्सन या नामांकित गणितज्ञानें एथेल एल्डरटन यांच्यासह आकडेमोड करून आईबापांच्या मद्यपानाचा मुलांच्या शरीरावर व बुद्धीवर म्हणण्यासारखा परिणाम दिसत नाहीं, असें प्रतिपादिलें. पुढें अमेरिकेंत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी झाली आणि ती उठली. तिच्याबरोबर दारूविरुद्ध बोलणाऱ्यांची प्रतिष्ठाहि गेली. गर्भावरील परिणामांची गोष्ट काढणें म्हणजे दारूबंदीवाल्यांचें जुनें कीर्तन, असें वैद्यकांतील विद्वान् मानूं लागले. याची परिसीमा अशी कीं, १९६७ सालीं न्यूयॉर्कच्या डॉ. फ्रिट्झ फुक्स यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अकालीं सुरू झालेल्या प्रसूतिवेदना थांबविण्यासाठीं गरोदर स्त्रियांच्या शिरेंतून मद्यार्क देण्याचा उपाय प्रसिद्ध केला, आणि तो कांहीं वर्षें इस्पितळांतून प्रचारांतहि होता. ज्या काळांत डॉक्टरच आईच्या रक्तांत मद्य घालीत होते, त्या काळांतील आईला अज्ञानाबद्दल दोष कसा द्यावा?

विस्मृतीचा हा पडदा प्रथम फ्रान्समध्यें दूर झाला. नांत शहरांतील बालवैद्य पॉल लेमवान यांनीं मद्यपी आईबापांच्या १२७ मुलांचें वर्णन १९६८ सालीं आपल्या प्रांतांतील एका वैद्यक नियतकालिकांत छापलें. हीं मुलें चेहऱ्यानें इतकीं सारखीं दिसत कीं, मुलाकडे पाहून आईच्या व्यसनाचा तर्क करतां यावा. लेख फ्रेंच भाषेंत आणि नियतकालिक प्रांतिक; त्यामुळें बाहेरच्या जगानें तिकडे लक्ष दिलें नाहीं.

त्यानंतर पांचच वर्षांनीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिॲटल शहरांत तीच गोष्ट स्वतंत्रपणें उजेडांत आली. वाढ खुंटलेल्या कांहीं तान्ह्या मुलांच्या माता मद्यपी असल्याचें ख्रिस्ती उलेलँड या तरुण डॉक्टर बाईंच्या ध्यानीं आलें. केनेथ लायन्स जोन्स आणि डेव्हिड स्मिथ या दोन डॉक्टरांनीं अशीं मुलें तपासलीं. निरनिराळ्या वंशांतील आठ मुलांत त्यांना तींच लक्षणें आढळलीं: आंखूड डोळे, नाक व ओठ यांमधील पन्हळ सपाट झालेली, वरचा ओठ पातळ, डोकें लहान, वाढ खुंटलेली. मानसशास्त्रज्ञ ॲन स्ट्रायसगुथ यांनीं त्यांच्या बुद्धीची परीक्षा केली. १९७३ सालीं ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकांत या चौघांचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षीं या विकाराला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हें नांव मिळालें.

हा विकार होतो कसा, तें थोडक्यांत पाहणें अवश्य आहे. आईच्या रक्तांतील मद्य वार ओलांडून बाळाच्या रक्तांत जातें आणि थोड्याच वेळांत दोघांच्या रक्तांतील त्याचें प्रमाण जवळजवळ सारखें होतें. मोठ्या माणसाचें यकृत मद्य पचवून टाकतें. बाळाचें यकृत तेव्हां अपक्व असतें. बाळ ज्या पाण्यांत तरंगत असतें, त्या गर्भजलांतहि मद्य रेंगाळतें. चेहऱ्याची घडण पहिल्या कांहीं आठवड्यांत होते, पण मेंदूची घडण नऊहि महिने चालूं असते. त्यामुळें ज्याचा चेहरा अगदीं इतरांसारखा आहे, अशा मुलाचाहि मेंदू दुखावलेला असूं शकतो. अशा मुलाला हिशेब जमत नाहीं, काल सांगितलेलें आज आठवत नाहीं, कृत्याचा परिणाम आधीं सुचत नाहीं. आणि शाळेंत तें आळशी किंवा हट्टी ठरतें. ही इजा जन्मभराची असते. गरोदरपणीं अमुक इतकें मद्य निर्धोक, असें प्रमाण कोणत्याहि संशोधनानें ठरविलेलें नाहीं. म्हणून मुळींच न घेणें हाच डॉक्टरांचा सल्ला असतो. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार या विकाराचें पूर्ण स्वरूप घेऊन जगांत दरवर्षीं सुमारें १ लाख १९ हजार मुलें जन्मास येतात. सौम्य किंवा अंशतः बाधा झालेलीं मुलें याहून कितीतरी अधिक असतात.

रोग ओळखला, आतां उपाय. तो सोपा वाटला. १९८१ सालीं अमेरिकेच्या सर्जन जनरलनीं गरोदर स्त्रियांनीं मद्य घेऊं नये, असा सल्ला जाहीर केला. १९८९ पासून त्या देशांतील प्रत्येक मद्याच्या बाटलीवर तशी सूचना छापली जाऊं लागली. या सूचनेचें काम कमी लेखण्यासारखें नाहीं. जी स्त्री जेवणाबरोबर पेलाभर मद्य घेई, तिला ती वाचून पेला खालीं ठेवणें शक्य होतें. परंतु जिच्या मुलावर खरें संकट, ती स्त्री ही नव्हे. जिला व्यसनानें पुरतें ग्रासलें आहे, तिला बाटलीवरचीं अक्षरें वाचून दारू सुटत नाहीं. सुटत नाहीं म्हणून लाज मात्र वाढते, आणि लाज वाढली कीं ती बुडविण्यासाठीं पुन्हां दारूच जवळची वाटते.

सिॲटलच्या डॉक्टरांनीं आणि मानसशास्त्रज्ञांनीं आपल्या तपासलेल्या मुलांची पुढें कित्येक वर्षें विचारपूस ठेविली, तेव्हां त्यांना एक विदारक गोष्ट कळून आली. अनेक मुलांच्या माता मरण पावल्या होत्या. ज्या आजारानें मुलाचा मेंदू दुखावला, त्याच आजारानें आईचा जीव घेतला होता. जिला आरोपी समजावयाचें, तीच पहिली बळी. या स्त्रियांची पूर्वकथा पाहिली, तर बालपणीं मार व अत्याचार सोसलेल्या, दारुड्या आईबापांच्या पोटीं वाढलेल्या, दारुड्या पुरुषाच्या हातीं सांपडलेल्या आणि घर नसलेल्या अशा कितीतरी त्यांत निघत. कित्येकींचीं आधींचीं मुलें सरकारनें काढून घेतलेलीं. आणि कांहीं तर स्वतःच आईच्या पोटांत असतांना मद्यानें दुखावलेल्या. कालचें पीडित मूल तेंच आजची दोषी आई!

अशा स्त्रीविषयीं समाजाचा पहिला विचार शिक्षेचा होतो. अमेरिकेंत १९८० नंतरच्या दशकांत दारूच्या जोडीला कोकेन आलें आणि गरोदर व्यसनी स्त्रियांवर खटले होऊं लागले. चार्ल्सटन शहरांतील एका सरकारी इस्पितळांत तर तपासणीस आलेल्या गरोदर स्त्रियांची लघवी तपासून कोकेन आढळल्यास पोलिसांना कळविण्याची व्यवस्था होती. संमतीवांचून अशी झडती घेणें घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानें २००१ सालीं दिला. तत्पूर्वीं १९९० सालींच अमेरिकन मेडिकल असोसिएशननें अशा शिक्षांना विरोध दर्शविला होता. त्यामागील कारण अगदीं व्यवहाराचें होतें: इस्पितळाच्या दारांत पोलीस उभा असेल, तर जिला डॉक्टरची सर्वांत अधिक गरज, तीच स्त्री इस्पितळाकडे फिरकणार नाहीं. शिक्षेच्या भयानें दारू सुटत नाहीं, डॉक्टर मात्र सुटतो.

मग समाजानें डोळे मिटून बसावयाचें काय? हा प्रश्न कॅनडांतील विनिपेग शहरीं अत्यंत तीव्रतेनें पुढें आला. तेथील एका गरोदर तरुणीला दारूचें नव्हे, पण सरस हुंगण्याचें व्यसन होतें आणि त्या वाफांनीं गर्भाच्या मेंदूला इजा होते. तिचीं आधींचीं तीन मुलें सरकारी देखरेखीखालीं होतीं. १९९६ सालीं बालकल्याण खात्यानें तिला सक्तीनें इस्पितळांत ठेवण्याचा आदेश कोर्टाकडून मिळविला. तो आदेश दोनच दिवसांत स्थगित झाला. तरी ती स्त्री आपखुशीनें कांहीं दिवस इस्पितळांत राहिली, तिनें हुंगणें सोडलें, आणि डिसेंबर महिन्यांत तिला निकोप दिसणारें मूल झालें. प्रकरण कॅनडाच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलें. १९९७ च्या ऑक्टोबर महिन्यांत न्यायमूर्ति बेव्हर्ली मॅक्लॉक्लिन यांनीं बहुमताचा निकाल लिहिला: गर्भाच्या रक्षणासाठीं आईला कोंडून ठेवण्याचा अधिकार कायदा कोर्टाला देत नाहीं. दोन न्यायमूर्तींचें मत मात्र भिन्न पडलें. जन्मास येणाऱ्या मुलावरील जन्मभराचें संकट टाळतां येत असतां कायद्यानें हात बांधून घ्यावे काय, ही त्यांची तळमळ कोणासहि समजण्यासारखी आहे. परंतु कोर्टांत दोन पक्ष समोरासमोर उभे करावे लागतात. आणि येथें ते दोन पक्ष एकाच देहांत नांदत होते. विशेष असें कीं, निकालानंतर दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९९८ सालीं, त्याच विनिपेग शहरांत एक तिसरा मार्ग सुरू झाला. तो सिॲटलहून आलेला होता.

सिॲटलची ती योजना १९९१ सालची. वॉशिंग्टन विद्यापीठांत ॲन स्ट्रायसगुथ आणि थेरीझ ग्रँट यांनीं ती उभारली आणि प्रथम ६५ स्त्रिया तींत घेतल्या. या स्त्रिया गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या. गरोदरपणीं भरपूर दारू किंवा इतर मादक पदार्थ घेतलेल्या. आणि दवाखाने, कचेऱ्या, आश्रम यांपैकीं कोठेंहि ज्यांचा टिकाव लागला नव्हता अशा. जिला कोणी हातीं धरीत नाहीं तिलाच धरावयाचें, असा हा उफराटा नियम होता.

प्रत्येक स्त्रीला एक सोबतीण नेमून देण्यांत आली. आपल्याकडे नव्या नवरीबरोबर सासरीं पाठराखीण जाते. तिच्याच जातीचें हें काम. एका पाठराखणीकडे सुमारें पंधरा कुटुंबें असत. ती बहुधा पदवीधर विदुषी नसे. स्वतः हालअपेष्टांतून बाहेर पडलेली, त्याच वस्त्यांची माहितगार अशी ती असे. तिचें बोलणें त्या आईला परकें वाटत नसे, आणि ‘ही सुटली, मग मीहि सुटेन’ असा जिवंत पुरावाच तिच्या रूपानें दारांत उभा राही.

ती करी तरी काय? व्याख्यान देत नसे. आरंभीं दर आठवड्याला आणि पुढें पंधरवड्याला घरीं जाई. घर नसेल तर शोधून देई. डॉक्टरकडे, कोर्टांत, व्यसनमुक्तीच्या आश्रमांत स्वतःच्या गाडींतून नेई आणि तेथें तिच्या वतीनें बोले. मुलाची टोचणी, मुलाचें वजन, घरांतलें अन्न पाही. पहिलें पाऊल कोणतें टाकावयाचें, हें ती आईच ठरवी. त्यासाठीं चिठ्ठ्यांचा एक लहानसा खेळ असे. ‘राहण्यास जागा’, ‘दांतांचा इलाज’, ‘मुलांची सोय’ अशा प्रकारच्या गोष्टी लिहिलेल्या चिठ्ठ्या पुढें ठेवीत, आणि कोणत्या गोष्टीनें आयुष्यांत खरा फरक पडेल, हें निवडण्यास तिला सांगत. तिच्या मनाविषयीं असें कोणी कधीं विचारलें नव्हतें. दर चार महिन्यांनीं ठरविलेल्या गोष्टींचा आढावा घेत.

या योजनेचे दोन दंडक विशेष महत्त्वाचे. पहिला, पुन्हां दारू प्यायली म्हणून कोणालाहि काढून टाकावयाचें नाहीं. ती नाहींशी झाली तर नातलगांकडे, मैत्रिणींकडे चौकशी करून तिला हुडकून काढावयाचें. घर मुलासाठीं धोक्याचें झालें, तर मुलाला सुरक्षित जागीं ठेवण्यास पाठराखीण कचरत नसे. पण मूल दुसरीकडे गेलें तरी आईची सोबत सुटत नसे. दुसरा दंडक, ही सोबत पुरीं तीन वर्षें. मूल जन्मल्यावर तीन वर्षें कशाला, अशी शंका श्रोत्यांच्या मनांत येईल. तिचें उत्तर लिव्हरपूलच्या जुन्या आकड्यांत आहे: सर्वांत मोठें संकट पुढच्या मुलावर असतें. ज्या आईचें एक मूल मद्यानें दुखावलें, तिचें पुढचें मूल वांचवावयाचें, तर मधला काळच हातांत असतो. तेवढ्यांत तिची दारू सुटावी, किंवा ती सुटेपर्यंत संततिनियमनाच्या साधनांनीं पुढचें गरोदरपण लांबवावें. या दोहोंपैकीं कोणत्याहि वाटेनें ती गेली तरी मुलाचें रक्षण होतें. मात्र यांतील कोणतीहि वाट तिच्यावर लादावयाची नाहीं.

तीन वर्षांच्या अखेरीस सोबत मिळालेल्या स्त्रियांची तुलना तशाच, परंतु सोबत न मिळालेल्या स्त्रियांशीं करण्यांत आली. एकंदर विचार करतां पहिल्या स्त्रियांची स्थिति अधिक सुधारलेली आढळली, आणि जिला पाठराखणीचा सहवास अधिक मिळाला तिला लाभहि अधिक झाला. सर्वच स्त्रिया सुटल्या असें नाहीं. कांहीं पुन्हां पुन्हां घसरल्या. तरीहि १९९६ पासून वॉशिंग्टन संस्थानानें आपल्या खजिन्यांतून ही योजना चालविण्यास आरंभ केला. विनिपेगमागून कॅनडांत इतरत्रहि तिचें अनुकरण झालें. केवळ माहिती आणि मनुष्याची सोबत यांतील अंतर २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांतहि दिसलें. त्यांत गरोदर नसलेल्या, पण मद्य घेणाऱ्या व संततिनियमन न करणाऱ्या ८३० स्त्रिया होत्या. कांहींना नुसती छापील माहिती दिली. कांहींना तिच्या जोडीला चार वेळां जिव्हाळ्याचें संभाषण आणि संततिनियमनाचा सल्ला मिळाला. नऊ महिन्यांनीं पहिल्या गटांतील शेंकडा ५४, तर दुसऱ्या गटांतील शेंकडा ६९ स्त्रिया धोक्याबाहेर आल्या होत्या.

परंतु जेथें संकट एकटीदुकटीवर नसून सबंध वस्तीवर पसरलेलें असतें, तेथें एकट्या पाठराखणीचें बळ अपुरें पडतें. दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतांत द्राक्षमळ्यांचे मालक मजुरांना मजुरीचा कांहीं भाग दारूच्या रूपानें देत. या चालीला ‘डॉप’ म्हणत. पुढें कायद्यानें ती बंद झाली, पण पिढ्यान्पिढ्यांची संवय कायद्यानें जात नाहीं. तेथील एका गांवीं शाळेंत नुकत्याच आलेल्या मुलांची तपासणी करतां हजारीं ४० हून अधिक मुलांत हा विकार आढळला, असें २००० सालीं प्रसिद्ध झालें. दारू पिणारी आई तेथें आपोआप उपजली नव्हती. मजुरी देणाऱ्या हातानें ती घडविली होती. त्याच देशांतील दे आर गांवीं एका सेवासंस्थेनें सर्व गांवाला या धोक्याची जाणीव करून दिली आणि त्याबरोबर गरोदर स्त्रियांना धीर व मदत दिली, तेव्हां काहीं वर्षांत विकाराचें प्रमाण शेंकडा सुमारें नऊवरून सहाच्या आसपास उतरलें. गांवानें आईकडे बोट दाखविणें सोडून तिच्यापुढें हात केला, याचें हें फळ.

तात्पर्य, या तीनशें वर्षांत ज्ञानाची उणीव फारशी नव्हतीच. १७२६ च्या वैद्यांना रोग दिसला होता. १८९९ सालीं दारू थांबली तर मूल निकोप होतें, हेंहि कळलें होतें. उणीव होती ती एका विचाराची. आई आणि मूल हे परस्परांचे प्रतिपक्षी नव्हेत. मुलाला दिलेली कोणतीहि मदत आईच्या हातूनच त्याला पोंचते आणि आईला केलेली शिक्षा प्रथम मुलालाच भोगावी लागते. बाळंतपणासाठीं लेकीला माहेरीं आणणाऱ्या समाजाला हा विचार अपरिचित वाटूं नये. मात्र जिला माहेर उरलेलें नाहीं, जिनें स्वतःच्या हातांनीं सर्व दारें लावून घेतलीं आहेत, तिच्याहि दारावर दर पंधरवड्याला कोणी तरी थाप मारावी लागते. आणि दार उघडलें नाहीं तर पुढच्या पंधरवड्याला पुन्हां यावें लागतें. होगार्थच्या चित्रांतील त्या पायऱ्यांवर तिच्या शेजारीं येऊन बसणारें कोणी नव्हतें.